सेटिंगला हात लावू नये

बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानांवरच्या माडीवर अभय ओव्हाळ कॉम्प्युटर जोडून देतो. राहायला विश्रांतवाडी. मुलानं आपल्यासारखीच पोस्टातली नोकरी धरावी असं वडिलांना वाटे. मुलानं धरला स्क्रू-ड्रायव्हर. शहरात आयटीचं वारं तेव्हा नुकतं शिरलं होतं आणि त्याचा धंदाही बरा चालला.

गेमिंगचं मशीन घ्यायला कोणी आलं की अभयला चेव चढे. मेमरी हा तर त्याचा खास विषय. "नुसता वेग बघू नका," तो सांगे. "बस जोरात पळते, पण प्रत्येक स्टॉपवर ठाण मांडून बसते, काय उपयोग? वेग म्हणजे बसचं पळणं, टायमिंग म्हणजे तिचं थांबणं. पळणं जास्त हवं, थांबणं कमी." मग बत्तीसशे वेगाच्या, सोळा टायमिंगच्या मेमरीच्या दोन जुळ्या पट्ट्या तो काढून ठेवी. कोणी स्वस्तातलं मागितलं तर म्हणे, "मग कॅरम घ्या. पलीकडच्या गल्लीत मिळतो." गिऱ्हाईक गुपचूप महागाच्या पट्ट्या घेई.

मशीन तयार झालं की कॅबिनेटवर स्टिकर चिकटे: ‘सेटिंगला हात लावू नये. लावल्यास येथे येऊ नये.’ पूर्वी एका दीडशहाण्यानं सेटिंगमध्ये खुडबुड करून मदरबोर्ड जाळला होता. तेव्हापासून अभय स्वतःही त्या वाटेला जात नसे. जुन्या पट्ट्यांचा वेग मशीन आपोआप ओळखायचं, त्यामुळे काही अडलंही नाही.

सदाशिव पेठेत खोली घेऊन राहणारी कल्याणी एका दुपारी आपलं मशीन रिक्षात घालून घेऊन आली. इंजिनिअरिंगची मुलगी, अभयचीच गिऱ्हाईक.

"काका, रागावू नका. मी कशाला हात लावलेला नाही, फक्त बघितलं. मेमरी एकवीसशेवरच चालतेय."

"पट्टी खराब असेल," अभय तोऱ्यात म्हणाला. त्यानं नवी जोडी लावली. पुन्हा एकवीसशे. दुसऱ्या कंपनीची लावली. तेच. मग त्यानं दुकानातलं स्वतःचं मशीन सुरू करून पाहिलं, ज्याची तारीफ तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. तेही एकवीसशेवर! 

"या नव्या पट्ट्यांना सेटिंगमध्ये एक प्रोफाइल असतं ना," कल्याणी चाचरत म्हणाली. "पट्टीवरचा वेग आणि टायमिंग त्यात असतं. ते आपण ऑन करायचं, नाहीतर मशीन आपलं जपून, हळूच चालतं. मला वाटलं, तुम्ही केलं असेल."

"मग तूच का नाही केलंस?"

"स्टिकर आहे ना, काका."

अभयनं सेटिंग उघडलं. एकच ओळ बदलायची होती. मशीन पुन्हा सुरू झालं आणि पडद्यावर बत्तीसशे दिसलं. तो स्टुलावर बसला. इतकी वर्षं! लोकांना जास्त पैसे मोजायला लावून, बसचे दाखले देऊन त्यानं वेग विकला होता, आणि त्यावर स्वतःच्याच हातानं कुलूप घालून ठेवलं होतं. आंबा हुंगल्याशिवाय न घेणाऱ्या या शहरात त्याचं मशीन मात्र कोणी तपासलं नव्हतं.

"मी कोणाला सांगणार नाही," कल्याणी म्हणाली.

"मलाच सांगायला हवं," अभय म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

पहिला फोन त्यानं विश्वजीत बेंद्रे या जुन्या गिऱ्हाइकाला लावला. बेंद्रे बँकेतून निवृत्त झालेले, घरी बसून गाड्यांच्या शर्यती खेळणारे, आणि जिभेला धार अशी की दूधवालासुद्धा त्यांच्या दारात खाली मान घालून उभा राहायचा. शिव्या खायची तयारी ठेवून अभयनं सगळं एका दमात सांगून टाकलं.



"काय सांगताय!" बेंद्रे म्हणाले. "अहो ओव्हाळ, पण मला तर ते कधी हळू वाटलंच नाही. काय पळतंय, म्हणून मी येईल त्याला बसवून दाखवत होतो." मग म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात ना, वेगवान आहे म्हणून."

शिव्या परवडल्या असत्या.  "येतो मी, आत्ताच येतो," एवढंच कसंबसं बोलून त्यानं फोन ठेवला आणि कल्याणीला दुकानाकडे बघायला सांगून तो जिना उतरला.