दोरी ओढणाऱ्याला रागवायचं नाही

रात्री झोप येत नाही म्हणून गोळ्या घेणारी माणसं असतात म्हणे. त्यांना एकदा चाकणला आमच्या कंपनीच्या ट्रेनिंग रूममध्ये आणून बसवायला पाहिजे. फर्स्ट शिफ्ट करून, कॅन्टीनचा वरणभात चापून, भरदुपारी त्या एसीत बसलं आणि सरांनी "तर एकंदरीत" म्हणून सुरुवात केली, की बसल्या जागी घोरायला लागतील. मी तर पहाटे चारला उठलेली बाई. माझी काय कथा!

वर्ग टीम लीडरचा होता. फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात दोनदा, शिफ्ट सुटल्यावर. पास झालं की जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी उशिरा जाऊन संध्याकाळी घरी, मिळणार होती आणि मला तेवढंच हवं होतं. लीडरचा मान, वेगळ्या रंगाची टोपी, ते सगळं गेलं चुलीत. माझी मुलगी पहिलीत, शाळा सकाळची. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात कंपनीची बस मला भोसरीतून अंधारातच उचलते, तेव्हा ती झोपलेली. सेकंड शिफ्ट करून घरी यावं तर तेव्हाही झोपलेली. म्हणजे एका आठवड्यात सकाळ बुडाली, दुसऱ्यात संध्याकाळ.

फर्स्टच्या आठवड्यात तिची वेणी तिचे पप्पा घालायचे. हा माणूस वर्कशॉपमध्ये लेथवर केसाइतका फरक पडू देत नाही, पण पोरीचा भांग पाडायला घेतला की निघायचा कासारवाडीला आणि पोचायचा मारुंजीला! शाळेच्या ग्रुपवर एकदा सगळ्या मुलींचा फोटो आला. त्यात आमची लांबूनच ओळखू येत होती. मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवून पोट धरून हसले. मग वॉशरूममध्ये जाऊन रडलेसुद्धा.

तर हा वर्ग मला पास व्हायचाच होता. पण वर्गाचा एक नियम होता. डुलकी काढताना दोनदा सापडलं की नाव कट, परत लाईनवर. ट्रेनिंगच्या मॅडम मधूनच दाराच्या काचेतून डोकावून जायच्या. पाय असे, की मांजरीनं शिकून घ्यावं. पहिल्याच आठवड्यात मी एकदा सापडले होते. म्हणजे आता एकच डुलकी शिल्लक होती, आणि झोप तर पोतंभर!

सर वाईट नव्हते हो. उभी हयात कारखान्यात काढून रिटायर झालेले, गोड माणूस. पण आवाज एका पट्टीतला, शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा. प्रोजेक्टरवर एकेक पाटी लावायचे, तिच्यावर जे लिहिलंय तेच वाचायचे आणि वर म्हणायचे, "तर एकंदरीत असं आहे."

जागं राहायला मी काय काय केलं नाही! दाढेखाली लवंग धरली. मांडीला चिमटे काढून काढून काळीनिळी केली. एकदा हिरवी मिरची घेऊन गेले आणि तोच हात डोळ्याला लागला. पुढचा सगळा तास डोळ्यांतून धारा. सर थांबले आणि म्हणाले, "ताई, मालातल्या दोषांचं इतकं मनाला लावून घेऊ नका."

माझ्या शेजारी एक दादा बसायचे. इथल्याच जुन्या गावचे, शेतकरी घराण्यातले. त्यांच्याच शिवारात आमची कंपनी उभी आहे आणि आता ते तिथंच नोकरीला. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "ताई, आपन बसलोय ना, बरूबर हितं आमचा कांद्याचा वाफा व्हता. कांद्यानं डोळ्यात पानी तरी येतं. ह्या सरांनी नुसती झोप येती."

झोपेवरचा खरा उतारा काढला तो दादांनीच. खिशातून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढून बाकावर ठेवले आणि म्हणाले, "सरांच्या तोंडातनं एकंदरीत पडलं, की जो पयला दाना उचलंल त्याचा."

झालं! त्या दिवसापासून मी सरांचा शब्दन् शब्द ऐकायला लागले. एकंदरीत कधी येईल सांगता येत नाही ना, मग मधलं सगळं ऐकावंच लागायचं. तो शब्द म्हणायच्या अगोदर सर कधी चष्मा वर सारायचे, कधी घसा खाकरायचे. मी तर चष्म्याकडे हात गेला की दाण्यावर झडप घालायला तयार. दादा चिडून माझं गाव काढायचे. "ताई, तुमी परभनीचे लोक लई चलाख!" या नादात मला धडे कधी पाठ झाले कळलंही नाही. छोट्या परीक्षेत चांगले मार्क पडले. मला वाटलं, जिंकलीस बाई तू.

पण कसलं काय. एका दुपारी सर आले ते बसलेला घसा घेऊन. नुसतं वाचत सुटले. एकंदरीत नाही की काही नाही. दाणे तसेच पडून. माझ्या पापण्या कधी मिटल्या, मला पत्ता नाही.

आमच्या लाईनवर डोक्यावरून एक पिवळी दोरी गेलेली असते. काम करताना काही चुकतंय असं वाटलं की ती ओढायची. लाईन थांबते, सगळ्यांनी हात वर घ्यायचे, आणि जवळचा माणूस धावत येऊन विचारतो, "काय प्रॉब्लेम?" दोरी ओढणाऱ्याला कधीही रागवायचं नाही, हा तिथला पहिला नियम. आम्हाला तो आंघोळीसारखा अंगवळणी पडलेला.

तर माझ्या झोपेत लाईन चालू होती. चार नंबरच्या जागेवरून बोल्ट नसलेला माल पुढे सरकत होता आणि कुणाचंच लक्ष नव्हतं. मी हात वर केला, दोरी सापडली, जीव खाऊन ओढली आणि ओरडले, "चार नंबर! लाईन थांबवा!"

दोरी होती खिडकीच्या पडद्याची. पडदा खडखडत वर गेला आणि बाहेरचं ऊन सरांच्या पाट्यांवर धो धो सांडलं. पण मजा पुढेच आहे. सगळा वर्ग दोन्ही हात वर करून उभा राहिला! कोण जागं होतं आणि कोण माझ्यासारखंच, देव जाणे. दादा तर खुर्ची पाडून माझ्याजवळ धावत आले. "काय प्रॉब्लेम?"

तेवढ्यात दार उघडलं. मॅडम. "कोण झोपलं होतं?"

माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नाही, तो वाकडा भांग. संपलं सगळं, एका डुलकीपायी संपलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर बसक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, ताईंनी दोरी ओढलीय. दोरी ओढणाऱ्याला रागवायचं नाही, असं मीच यांना मागच्या तासाला शिकवलंय. आधी प्रॉब्लेम काय ते बघू." मॅडमना हसू आवरेना. त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

सर माझ्या बाकापाशी आले. लाईनवर विचारतात तस्संच विचारलं, "काय प्रॉब्लेम, ताई?"

आता खोटं काय बोलायचं? मी म्हणाले, "सर, काहीच कळत नाहीये."

"कुठपासून?"

"त्या पाच वेळा 'का' विचारायच्या पाटीपासून."

सरांनी ती पाटी वाचली नाही. प्रोजेक्टरच बंद केला. म्हणाले, "कंपनीतलं राहू द्या. घरातला एखादा दोष सांगा." माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मुलीची वेणी वाकडी होते." वर्ग खिदळला. सर मात्र खडू घेऊन फळ्याकडे गेले.

"वेणी वाकडी का?"

"भांग वाकडा पडतो."

"का?"

"तिचे पप्पा घाईत असतात."

"का?"

"डबे तेच भरतात, तिला तयारही तेच करतात."

"का?"

"सकाळी मी घरी नसते."

"का?"

"फर्स्ट शिफ्ट असते, सर."

खिदळणं कधी थांबलं कळलं नाही. सगळ्यांच्याच घरी कुणीतरी असतं की. सर फळ्याकडे बघत म्हणाले, "मग उपाय?" मी म्हणाले, "उपाय हाच वर्ग आहे. आणि इथं मला झोप येते." दादा लगेच म्हणाले, "सर, तेवढं एकंदरीत म्हना, ताईंचा दाना ऱ्हायलाय." अख्खा वर्ग हसत सुटला, मॅडमसकट. सरांना दाण्यांचं तेव्हा कळलं. रागावले नाहीत. उलट स्वतःच एक दाणा उचलून तोंडात टाकला.

माझं नाव कट झालं नाही. आणि त्यानंतर वर्गात नियमच झाला, समजलं नाही की पडद्याची दोरी ओढायची. सर थांबायचे आणि विचारायचे. इतक्यांदा ओढली की शेवटी ती तुटली, तेव्हा दादांनी घरून गाईचं दावं आणून बांधलं. झोपायला कुणाला वेळच राहिला नाही.

मी पास झाले. जनरल शिफ्ट मिळाली.

पहिल्या सकाळी मी मुलीला पुढ्यात घेऊन बसले. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! भांग असा काढला, की फूटपट्टी लावून बघावा. वेणी गच्च आवळत होते आणि तोंडही चालू होतं. डबा पूर्ण खा, पाणी पी, पळू नको, बाईंकडे लक्ष दे, वर्गात जागी राहा. मग माझ्या ओढणीला खालून एक हिसका बसला. मग दुसरा. वर्गातली गंमत मी घरी सांगितलेली, ती हिनं नेमकी लक्षात ठेवलेली.

मी थांबले. विचारलं, "काय प्रॉब्लेम?"

"दुखतंय," ती म्हणाली. "पप्पांच्या वेणीनं नाही दुखत."

माझे हात तिच्या केसांतच राहिले. दारात डबा घेऊन उभा असलेला तिचा बाप हसायला लागला. रागवायचं तर नव्हतंच, नियम होता. मी सगळी वेणी सोडली, त्याला हाक मारली आणि म्हणाले, "या इकडं, सर. किती सैल धरायची ते दाखवा."