संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाचा मलिदा

आरशाशी इतक्या मैत्रीने वागणारा माणूस अख्ख्या पनवेलात मी दुसरा पाहिला नाही. आमचे घरमालक कोर्टात कारकून, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, आणि वजनाने दोन माणसांचे. रोज सकाळी ओसरीवरच्या आरशापुढे उघड्या अंगाने उभे राहून स्वतःच्या पोटावर प्रेमाने थाप मारायचे. माप घेताना शिंप्याने एकदा सुस्कारा सोडला, तर म्हणाले, "देवाने माती घालताना हात आखडला नाही, तू कापडाला का आखडतोस?" बायकांसारखं चालतात असं कुणी मागे कुजबुजलं, की वळून त्याला तीच चाल पुन्हा सावकाश दाखवायचे. न्हाणीघराला आतून कडी घालूनही इकडेतिकडे बघणाऱ्या मला त्यांचा फार हेवा वाटे.

त्यांच्या घरी मिठागरावरचा एक मुकादम राहायचा. ओवे गावाकडचा, हडकुळा, अबोल. लोक त्याला त्यांचा मित्र म्हणत आणि ते लगेच दुरुस्ती करत, "मित्र चहाला येतो. हा घरातला आहे." दरवर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे मलिदा असे. गूळ-खोबरं घातलेले पोहे, फळं, एलियाहू नबीची प्रार्थना. त्यांच्यात लग्नकार्याला, नवस फेडायला तो करतात. यांचा कशासाठी, विचारलं तर "आभाराचा" म्हणून ते पुन्हा वाढत.

एका वर्षी त्यांचा थोरला भाऊ याच मलिद्याला आला. सगळं कुटुंब इस्रायलला निघालं होतं, आणि यांचेही कागद त्याने तयार करून आणले होते. भरल्या घरात त्याने विचारलं, "सगळे चाललो. इथं तुझं राहिलंय कोण?"

त्यांनी मुकादमाकडे बोट केलं. "तो खोबरं खवतोय ना, तो. तेरा वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी या घरी राहायला आला. आजवर खाल्लात तो मलिदा त्या येण्याचाच."

मुकादम मान खाली घालून खवतच राहिला, नारळ संपला तरी. शेवटी थोरल्याने कागदांची घडी करून खिशात घातली आणि पोह्यांची बशी पुढे केली. "अजून थोडं वाढ," म्हणाला. बोटीत सगळं कुटुंब चढलं, ते यांच्याशिवाय.

गेल्या पावसाळ्यात घरमालक वारले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दार लोटून बसलो होतो, त्या ओसरीकडे बघवत नव्हतं. कडी वाजली. बाहेर मुकादम, हातात झाकलेली बशी.

"प्रार्थना आमाला येत नाय," तो म्हणाला. "पोहे येतात."

गूळ जरा जास्तच पडला होता, त्यांना आवडायचा तेवढा. मी त्याला आत बोलावलं, आणि आम्ही दोघांनी एकाच बशीत खाल्लं.