लग्नाचा आणि मयताचा कॅमेरा

रवीभाऊंनी माझा पहिला फोटो काढायला घेतला तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. काढून झाला तेव्हा बहुधा तेहेतीस पुरी झाली होती.

भिवंडीला शाळेत नव्याने रुजू झालो होतो आणि ओळखपत्रासाठी दोन फोटो हवे होते. जवळच्या टेमघरात रस्त्याकडेला एक स्टुडिओ दिसला. स्टुडिओ म्हणजे दहा बाय आठची खोली, मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल आणि स्टुलासमोर काटकुळे रवीभाऊ. गवंडी कललेल्या भिंतीकडे पाहतो तसं त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"मास्तर, हनुवटी खाली."

केली.

"येवढी न्हाय. वर. आता डावीकडं. तुमची मान जन्मापासून अशी हाय का शाळेत लागल्यावर झाली?"

मी तोंड उघडलं तर म्हणाले, "बोलू नका, बसवलेली हनुवटी हलते." चहा आला, हनुवटीपायी तो मला मिळाला नाही, रवीभाऊंनीच दोन्ही कप घेतले. एक बाळ आलं, त्याचा फोटो निघाला, आणि माझी खात्री आहे की ते स्वतःच्या पायांनी चालत घरी गेलं. मग खुंटीवरचा काळा कोट माझ्या अंगावर चढला. तो ढगळ होता म्हणून पाठीमागे कपड्यांचे सहा चिमटे लागले. टेमघरातली निम्मी पुरुषमंडळी सरकारदरबारी त्या एकाच कोटात नोंदलेली आहेत हे मला नंतर कळलं. शेवटी खटकन आवाज झाला. फोटो इतका देखणा आला, की मुख्याध्यापकांनी तो परत केला. म्हणाले, "स्वतःचा आणा."

हा माणूस केवळ लोकांची करमणूक करायला जन्मला आहे, हा माझा समज दीड महिना टिकला.

आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर आझमगढकडचे सात-आठ जण एका खोलीत राहायचे. सगळे कापडाच्या लूमवर कामाला. त्यांतला एक जण ड्युटीवरून येऊन झोपला तो उठलाच नाही. गाव दूर. घरची माणसं गाडीत बसून येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. अंत्यसंस्कार इथेच करायचे होते. लूमचे मालक गुलाम हुसेन आले. भिवंडीतलं जुनं कोकणी घराणं, भारदस्त माणूस. त्यांनी एकाला पिटाळलं, "रवीला बोलाव. कॅमेरा घेऊन."

रवीभाऊ आले. तोच कॅमेरा, तोच पट्टा. आधी त्यांनी कंगवा मागितला. रुमाल ओला करून मयताचं तोंड पुसलं, भुवईतला कापसाचा तंतू काढला, शर्टाचं वरचं बटण लावलं. माझ्या हनुवटीवर अर्धा तास घालवणाऱ्या या माणसाने त्या अनोळखी हनुवटीखाली टॉवेलची घडी बसवायलाही तेवढाच वेळ घेतला. मग एकच फोटो काढला.

जिन्यात मी विचारलं, "एवढं कशाला, रवीभाऊ?"

"हा फोटो पोष्टानं त्याच्या आईकडं जाणार, मास्तर. पोरगा गेला ते तिला कळलेलंच हाय. त्याला कुणी हात लावला, कुणी भांग पाडला, हे तिला दुसरं कोण सांगणार?"

असे फोटो ते तीस वर्षं काढत होते. आधी रिळाच्या कॅमेऱ्याने, मग या डिजिटलने. लोकांना ते माहीत होतं आणि लोकांचा आक्षेपही तिथेच होता. मयत काढणारा कॅमेरा हळदीला कसा चालेल? एकदा कोन गावात ऐन मांडवात नवरीच्या आत्याने त्यांना अडवलं.

"भाऊ, त्योच कॅमेरा का ह्यो?"

"त्योच."

"मंग पोरीवर धरू नका."

"आत्याबाई, ज्यानं कधी मयत बघितलं न्हाय असा कॅमेरा सोडा, असा माणूस दाखवा मांडवात. मी आत्ता घरी जातो."

आत्याबाईंनी माणूस दाखवला नाही, पण रवीभाऊंना घरी मात्र पाठवलं.

खरं तर दुसरा कॅमेरा घेऊन एक लग्नाला, एक मयताला असं करता आलं असतं. पण रवीभाऊ पक्के. "आपल्या धम्मात असलं काय नसतं. आज दोन कॅमेरे केले, तर उद्या लग्नाचा हात येगळा न् मयताचा येगळा करावा लागंल." त्यांच्या पत्नी कमळावहिनी मागच्या घरातून ओरडायच्या, "तत्त्व फोडणीला घालून बघितलंय मी, मास्तर. तडतडत न्हाय!"

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, मिथुनने, नवा कॅमेरा आणून दिला. मिथुन वळ गावच्या एका गोदामात सुपरवायझर. नव्या कॅमेऱ्याचा गुण असा की तो आवाज करत नाही. टेमघरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या श्वास रोखून फोटोला बसलेली. खटका ऐकल्याशिवाय ती श्वास सोडत नाहीत. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ लालबुंद होऊन स्टुलावरून कलंडले. तेव्हापासून रवीभाऊ फोटो काढला की तोंडाने "खट्!" म्हणू लागले.

राहिला जुना. मिथुनने त्याची जाहिरात मोबाईलवर टाकली. माणसं येऊ लागली आणि रवीभाऊ त्यांना स्टुलावर बसवून मुलाखत घेऊ लागले.

"आधी सांगतो, ह्यानं मयतं काढलीत. तुमच्या तिथं कुणी गेला तर तुम्ही जाणार का घेऊन?"

निम्मी माणसं पहिल्या वाक्याला उठत, उरलेली दुसऱ्याला. मनोज नावाचा एक लग्नाचे व्हिडिओ करणारा तेवढा टिकला. म्हणाला, "काका, मी मानत नाही असलं. द्या." रवीभाऊ खूश. लगेच त्याला शिकवायला लागले: रुमाल कसा पिळायचा, घडी कुठे ठेवायची, फ्लॅश का मारायचा नाही. चहा आणतो म्हणून मनोज स्वतःच बाहेर पडला, तो परत आला नाही.

"बाबा, तुम्हाला सांगायला कुणी सांगितलं होतं?" मिथुन वैतागला.

"मला ह्यो विकायचा न्हाय. ह्याला कामाला लावायचाय. नवा मी लग्नाला वापरीन, पण माझे आता किती दिवस? ह्याच्याबरोबर जाणारा कुणी तरी पाहिजे."

"मग मी जाऊ का? गेलो होतो एकदा तुमच्यासंगं. आठ दिवस झोप न्हाय लागली."

गुलाम हुसेन एका संध्याकाळी येऊन बसले. "रवी, तू कॅमेरा देतोयस की मुलगी?"

"दोन्हीला माणूस बघावाच लागतो, शेठ."

"अरे, अब बुलाता कौन है? माझेच निम्मे लूम बंद. कुणी गेला तर पोरं व्हिडिओ कॉल लावतात. आई तिकडे रडते, पोरं इकडे फोन धरून उभी."

"फोन कुणी बी धरंल," रवीभाऊ म्हणाले. "तोंड कोण पुसणार?"



वर्ष गेलं. कॅमेरा कपाटात. दर रविवारी रवीभाऊ तो काढायचे, काच पुसायचे आणि परत ठेवायचे. चार्ज मात्र करायचे नाहीत. काम नसताना वीज कशाला?

त्यांची मुलगी धम्मदिना ठाण्याला एका इस्पितळात नर्स आहे. एका रविवारी ती घरी होती आणि मीही रवीभाऊंकडे गेलो होतो. रवीभाऊ नेहमीप्रमाणे काच पुसत माणूस मिळत नाही म्हणून कुरकुरत होते. युनिफॉर्मला इस्त्री करता करता ती म्हणाली, "बाबा, येईल त्याला विचारलंत. मला विचारलंत का?"

"तुला? तू पोरीची जात. कुठं मयतावर..."

"माझ्या वॉर्डात गेल्या महिन्यात सात माणसं गेली. सातही जणांची तोंडं मी पुसली. ब्रदर लोक म्हणतात, सिस्टर, किती वेळ लावता."

"कुणी शिकवलं?"

"शाळेत असताना सुट्टीत तुमच्यामागं थर्माकोल धरून उभी असायची, ती कोण होती?"

उजेड तोंडावर पडावा म्हणून थर्माकोलचा तक्ता धरायला ते तिला नेत असत. ती तक्त्यामागून सगळं पाहत होती, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"घ्या!" कमळावहिनी म्हणाल्या. "मांडवात आत्याबाईला धडा शिकवणारा माणूस. घरातली पोर दिसली न्हाय."

रवीभाऊ उठले. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टा नीट केला, आणि पोरीच्या गळ्यात घातला. तिने बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मिथुनने खालचं झाकण उघडलं, तर बॅटरी आतल्या आत फुगलेली. चिमट्याने ओढून पाहिली, पेचकसाने उचकटून पाहिली. हलेना.

"मी वर्षभर माणूस शोधत बसलो," रवीभाऊ म्हणाले, "आणि ह्याला नुसता ठेवून ठेवून मारला."

"दुरुस्त होईल, बाबा. मी कुठं पळून चाललेय?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतः कल्याणला जाऊन कॅमेरा दुकानात टाकून आले. पंधरा दिवसांनी या, असं सांगितलं होतं. भेटेल त्याला ते सांगत होते, "पोरगी जाणार हाय आता. माझ्यापेक्षा हात हलका तिचा." मला तर रस्त्यात दोनदा थांबवून सांगितलं.

नवव्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षा इस्पितळाच्या दारात पोचली तेव्हा ते गेलेले होते.

घरी आणल्यावर धम्मदिनाने सगळ्यांना बाजूला केलं. रुमाल पिळला. ती इतका वेळ लावत होती, की वंदनेला आलेली मंडळी अंगणात चुळबुळ करू लागली, आणि तिला घाई करायची कुणाची हिंमत झाली नाही. गुलाम हुसेन दारापाशी चपला हातात धरूनच उभे होते. कमळावहिनी एवढंच म्हणाल्या, "भांग डावीकडं पाडायचे गं ते."

फोटो तिने नव्या कॅमेऱ्याने काढला. चांगला आला.

जुना कल्याणलाच आहे. दुकानदार पावतीशिवाय देत नाही, आणि पावती सापडत नाही.