पाण्यावरचा पातळ कागद

काही वर्षांपूर्वी मी शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत उतरायचे. एकदा वळण घेताना आमची होडी उलटली. त्यात नवल नव्हतं. एरवी आम्ही हसत पुन्हा वर चढायचो. पण त्या दिवशी मी डोकं पाण्याबाहेर काढलं, आणि हवाच मिळेना. डोळ्यांसमोर उजेड होता, तरी श्वास घेतला की काहीतरी गार, गुळगुळीत तोंडात ओढलं जायचं. चादरीएवढा प्लास्टिकचा कागद माझ्या चेहऱ्याला चिकटला होता. होडीतली माझी जोडीदार सुलभा हिने तो नखांनी फाडला. "श्वास घे गं, श्वास घे!" ती रडत ओरडत होती.

शर्यती मी तिथेच सोडल्या. आता मी किनाऱ्यावरचा कचरा उचलते, कचेऱ्यांत अर्ज देते, सभांमधून बोलते. लोक मला धाडसी म्हणतात. खरं तर मी घाबरलेली बाई आहे. शांत पाणी कुठे जरा जास्त चकाकलं, तरी माझा हात आपोआप तोंडाकडे जातो.

परवा कोळीवाड्यात एका मावशींना हे सांगत होते. त्या धक्क्यावर माझ्या शेजारीच जाळं सांधत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्याजवळ मैत्रीण होती, पोरी. खाली मासे-कासवं त्यात अडकतात, त्यांच्याजवळ कोण असतं?"

समोरचं पाणी सपाट, निळं, देखणं दिसत होतं. त्याच्याखाली या क्षणी किती तोंडं उघडत-मिटत असतील! भरती चढत धक्क्याला लागली होती. मी लोंबकळणारे पाय हळूच वर घेतले.