सर, खोटं कशाला लिहिलंत?

मंडळी, लेकीला एका नामांकित विद्यापीठात अर्ज करायचा होता आणि आज शेवटचा दिवस. शिफारसपत्रासाठी तिच्या गणिताच्या सरांकडं येरमाळ्याला गेलो.

सरांनी प्रेमानं लिहिलं, ‘मुलगी शांत आहे, कधीच उलट बोलत नाही.’ मी खूश! हे पत्र तर उद्या स्थळाला दाखवायलाही चाललं असतं.

लेक म्हणाली, “सर, खोटं कशाला? आठवीत तुमचं गणित चुकलं, तेव्हा मी उठून फळा पुसला होता. तेच लिहा की!”

मी मान खाली घातली. सर मात्र हसले. “व्हय, तवा लई राग आला होता. पण बरोबर तूच होतीस,” म्हणत त्यांनी तेच लिहून सही केली.

अर्ज गेला. प्रवेशाचं बघू. पण अशा पोरीला आम्ही घरात आजवर आगाऊच म्हणत आलो. तुमच्याकडं काय म्हणतात?