दुसरी प्रत

कोणतीही वस्तू एकच विकत घेणं हा गुन्हा आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे नारायण पेठेतले माझे घरमालक, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरात एकटेच, पण किसण्या दोन, चष्मे दोन, आणि पावसाळ्यात हातात एक छत्री नि काखेत दुसरी. कोपऱ्यावरच्या दुकानात त्यांनी दोन बॅटऱ्या मागितल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "पहिली हरवली तर अंधारात शोधायला दुसरी का?" सर खूश झाले. "अगदी बरोबर! इतकं माझ्या एकाही विद्यार्थ्याला कळलं नाही."

या वेडाचं मूळ फुलझाडांत होतं. चहा झाला की ते सुरू व्हायचे. "अहो, डायनासोर संपले तेव्हा हवामान पार फिरलं होतं. त्या सुमाराला काही फुलझाडांमध्ये गुणसूत्रांचा अख्खा संच चुकून दुप्पट झाला. एरवी ते ओझंच. पण दिवस फिरल्यावर तेच कामी आलं असावं. एक प्रत जुनं काम सांभाळते, दुसरी नवं शिकायला मोकळी!"

मी अमरावतीहून आलेला, हिंजवडीच्या एका कंपनीत नवा नवा संगणकवाला. पूर्वी गणिताच्या शिकवण्या घ्यायचो असं बोलून गेलो आणि फसलो. पुढच्याच रविवारी सरांनी पेठेतली पोरं गोळा करून माझ्या खोलीत बसवली.

"सर, माझी नोकरी उत्तम चाललीय," मी कुरकुरलो.

"सध्या हवामान चांगलं आहे, एवढंच," ते म्हणाले. दर रविवारी मी त्यांच्या नावानं बोटं मोडत अपूर्णांक शिकवले.

मग मंदी आली. कंपनीनं आमची अख्खी टीम एका सकाळी घरी पाठवली. गावी बाबांचं औषधपाणी माझ्यावर, आणि दुसरी नोकरी कुठेच मिळेना. शेवटी परत जायला बॅग भरली, तर सर दारात उभे. "रविवारची पोरं आता रोज येतील. त्यांच्या आयांना विचारून आलोय. बॅग उघडा." त्या पोरांनी मला पुण्यात टिकवलं. आज माझा स्वतःचा क्लास आहे, आणि तो केवळ सरांमुळे आहे.

सर गेले, त्यानंतरच्या पावसाळ्यात वारंवार वीज जायला लागली म्हणून मी त्याच दुकानात गेलो. तोंडातून आपोआप निघालं, "दोन बॅटऱ्या द्या." दुकानदारानं मान वर केली. आता टोमणा येणार म्हणून मी थांबलो. त्यानं दोन्ही पेटवून पाहिल्या, कागदात गुंडाळल्या आणि माझ्या हातात ठेवल्या.