वगळलेलं प्रकरण

वॉल्टर आमच्याकडे चहाला आले की खिशातलं पेन काढून दाराजवळच्या खिडकीत ठेवत. "आता मी निरुपद्रवी आहे, मिसेस केळकर," असं म्हणत. यावर विश्वास ठेवणं धोक्याचं होतं. ऐकलेलं सगळं त्यांच्या लक्षात राही आणि शनिवारच्या पेपरातल्या त्यांच्या सदरात येई.

ओवी, ईशान, तुम्ही सिंगापूरला, त्यामुळे तुमची त्यांच्याशी कधी गाठ पडली नाही. इथे ॲडम्सटाउनमध्ये, मी राहते त्या तुमच्या काकाच्या घराला लागूनच त्यांचं घर. ऐंशीच्या घरातले, उंच, थोडे वाकलेले अमेरिकन गृहस्थ. तरुणपणी त्यांनी आपल्याच गावावर कादंबरी लिहिली. माणसांची नावं बदलली, पण त्यांची भांडणं आणि आजार तसेच ठेवले. वाचकांनी त्यांना डोक्यावर घेतलं, गावाने वाळीत टाकलं. पुढच्या कादंबरीत त्यांनी बायकोचं शेवटचं दुखणं लिहिलं, तेव्हा मुलगी रूथ त्यांच्याशी बोलायची थांबली. "लेखकाच्या घरी जन्माला येणं हा अपघातच," असं ते हसत म्हणत.

एकदा त्यांनी जाहीर केलं, "परवा तुम्ही नवऱ्याच्या आजारपणाबद्दल बोललात, ते या शनिवारी लिहितोय."

"लिहा. पण छापण्याआधी मला वाचून दाखवा."

"मी आजवर कुणाला दाखवलेलं नाही. लोक नेमकं चांगलं तेवढं खोडतात."

"मग नका लिहू. चकली घ्या."

चकली न घेताच गेले. "आई, दुखावलंस त्यांना," काका म्हणाला. बरेच दिवस कुंपणापलीकडून नुसतं "ग्रँड डे", म्हणजे छान दिवस आहे, एवढंच. मग एका दुपारी कागद घेऊन आले आणि उभ्यानेच वाचू लागले. फार सुंदर लिहिलं होतं. मी एक वाक्य काढायला सांगितलं. कुठलं, ते तुम्हालाही सांगणार नाही.

"लेखाचा जीव त्यातच आहे," ते करवादले.

"असेल. पण ते आमच्या दोघांतलं आहे."

त्यांनी वाक्य काढलं.

त्यानंतर शेवटच्या कादंबरीचा खर्डा त्यांनी रूथला पाठवला. "या वयात परवानगी मागतोय. तुम्ही बिघडवलंत मला," असं मला ऐकवलं. रूथने एक अख्खं प्रकरण नको म्हटलं. त्या दिवशी ते आमच्या स्वयंपाकघरात नुसते येरझाऱ्या घालत होते. "त्या प्रकरणासाठीच तर पुस्तक लिहिलं होतं."

"मग?"

"मग काय. काढलं."

उन्हाळ्यात रूथ आली आणि राहिली. भिंतीपलीकडून ऐकू यायचं, "डॅड, गोळी घेतलीत?" "घेतली म्हटलं ना." असलं साधं भांडण ऐकून मला बरं वाटे. थंडी सुरू होता होता वॉल्टर गेले. रूथ जवळ होती.

अंत्यविधीनंतर ती आमच्याकडे येऊन बसली. मी विचारलं, "त्या प्रकरणात काही खोटं होतं का गं?"

"नाही," ती म्हणाली. "एक शब्दही नाही. आणि त्यांनी लिहिलेलं सगळ्यात चांगलं तेच होतं."

मग तिने आणखी थोडा चहा मागितला.